वाचकांचे प्रश्न : बोर्डात लॉगिन होतंय, मग नेट कुठे अडतंय?

या महिन्यात बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय. छोटा लिनक्स बोर्ड घेतला, त्याला वायफाय नाही किंवा आहे पण जिथे ठेवायचाय तिथे राउटरच नाही, म्हणून तो यूएसबीने लॅपटॉपला जोडला आणि आता लॅपटॉपचं नेट बोर्डापर्यंत काही पोचत नाही. त्यामुळे पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर देतेय, बाकीच्यांनीही आधी तेच वाचा, पुढची उत्तरं त्याच्याच आधाराने दिली आहेत. कमांडची आणि फायलींची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

ताई, देवगडला माझी हापूसची कलमं आहेत. बागेतलं तापमान आणि दमटपणा नोंदवायला बीगलबोन ब्लॅक घेतलाय. यूएसबीने लॅपटॉपला जोडतो, लॅपटॉपवर उबुंटू आहे, त्याला मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नेट. बोर्डात लॉगिन होतं, पण तिथे काही इन्स्टॉल करायला गेलं की अडकून पडतं. लॅपटॉपवर मात्र सगळं चालू. पुण्याच्या भाच्याने फोनवरून सांगितलेल्या कमांडा मारून बघितल्या, काही उपयोग नाही झाला. — एक बागायतदार, देवगड

काका, लॉगिन होतंय म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. केबल चांगली आहे, बोर्डाने यूएसबीवरून आपण नेटवर्क कार्ड असल्याचं लॅपटॉपला सांगितलंय, आणि लॅपटॉपने ते मान्यही केलंय. तुमचा बोर्ड १९२.१६८.७.२ आणि लॅपटॉप १९२.१६८.७.१ असणार, बीगलबोनचं तसंच ठरलेलं असतं. लिनक्सवर १९२.१६८.६ ची अजून एक जोडी दिसेल, ती बघून गोंधळू नका, तोच बोर्ड दोन तऱ्हांनी दिसतोय, एकच जोडी धरून चाला.

आता भाच्याच्या कमांडा जरा बाजूला ठेवा. त्या चुकीच्या असतील असं नाही, पण नेमकं कुठे अडलंय हे न बघता मारलेली बरोबर कमांडसुद्धा वाया जाते. बोर्डावर बसून आधी लॅपटॉपला म्हणजे १९२.१६८.७.१ ला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते विचारा, मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या नेटवरच्या सर्व्हरला, आणि शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. या तिघांत कुठे थांबतंय आणि कसं थांबतंय ते नीट बघा, कारण थांबण्याचीही तऱ्हा असते. ८.८.८.८ ला पिंग मारल्या मारल्या "नेटवर्क इज अनरिचेबल" असं उत्तर आलं तर पॅकेट, म्हणजे पाठवलेला डेटाचा तुकडा, बोर्डातून बाहेरच पडलेलं नाही, बोर्डाला बाहेरची वाटच माहीत नाही. तिथे डीफॉल्ट रूट घाला, म्हणजे "आयपी रूट अ‍ॅड डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.७.१". पण एरर काही न येता नुसतं गप्प बसलं तर पॅकेट निघालंय आणि पुढे कुठेतरी हरवलंय, मग बोर्डाला दोष देऊ नका, लॅपटॉपकडे या.

लॅपटॉपवर दोन गोष्टी लागतात आणि लोक हमखास एकच करतात. पहिली फॉरवर्डिंग. लिनक्स मुळात दुसऱ्याची पॅकेट पुढे पाठवत नाही, ते बंदच असतं. "प्रॉक"मधल्या "सिस", "नेट", "आयपीव्ही४" अशा फोल्डरांतून आत गेलं की "आयपी अंडरस्कोर फॉरवर्ड" नावाची फाईल आहे, ती उघडून बघा, आत फक्त एक आकडा असतो, ० असेल तर बंद आणि १ असेल तर चालू. बोर्डावरून लॅपटॉपच्या वायफायच्या पत्त्याला पिंग लागलं म्हणून फॉरवर्डिंग चालू आहे असं मात्र धरून चालू नका, तो पत्ता लॅपटॉपचाच आहे, त्यामुळे उत्तर लॅपटॉपच देतो, पुढे काहीच जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मास्करेड, आणि खरी गंमत इथे आहे कारण सगळे पॅकेट जाण्याचा विचार करतात, ते परत कसं येणार याचा कुणी करत नाही. समजा फॉरवर्डिंग चालू केलं. बोर्डाचं पॅकेट लॅपटॉपमधून फोनकडे गेलं, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.७.२. आता फोनला या ७ च्या नेटवर्कची काही कल्पनाच नाही, त्याने हॉटस्पॉटवर वाटलेले पत्ते वेगळे, मग तो उत्तर पाठवणार कुठे? आपल्याकडे कितीतरी वाड्यांवर मुंबईच्या चाकरमान्याचं पत्र नाक्यावरच्या दुकानाच्या पत्त्यावर यायचं, "मार्फत अमुक" असं लिहून, आणि कुठलं पत्र कुठल्या घरचं ते दुकानदाराला पाठ असायचं. लॅपटॉपने नेमकं हेच करायचंय, बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर बोर्डाचा पत्ता काढून स्वतःचा घालायचा, कुठल्या पॅकेटचं उत्तर कुणाला द्यायचंय ते लक्षात ठेवायचं आणि उत्तर आलं की पत्ता परत बदलून बोर्डाकडे द्यायचं. त्यासाठी आयपीटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांच्या, नॅट टेबलात (नॅट म्हणजे हीच पत्त्याची अदलाबदल), पोस्टराउटिंग चेनमध्ये, एक मास्करेडचा नियम लागतो. तो वायफायच्या इंटरफेसवर (म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर) घालायचा, यूएसबीच्या नाही! "आयपी रूट" मारल्यावर ज्या ओळीत डीफॉल्ट लिहिलेलं असतं, त्याच ओळीत "डेव्ह"च्या पुढे जे नाव येतं तोच तुमचा बाहेरचा इंटरफेस. फोनवरून कमांड सांगताना नेमकं हेच नाव चुकतं, कारण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते वेगळं असतं. भाच्याच्या लॅपटॉपवर चाललेली कमांड तुमच्याकडे चालली नाही ती बहुतेक यामुळेच.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं आणि मी म्हणते एकदा बघाच. लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडा, दोन्हीकडे टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम, चालवा, एक यूएसबीच्या इंटरफेसवर, एक वायफायवर, आणि बोर्डावरून ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवा. पहिल्या टर्मिनलमध्ये १९२.१६८.७.२ कडून ८.८.८.८ कडे एको रिक्वेस्ट अशा ओळी सेकंदाला एक अशा येत राहतील. दुसऱ्यात काहीच नसेल तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फायरवॉल अडवतोय. दुसऱ्यातही ओळी येतायत पण पाठवणारा अजून १९२.१६८.७.२ च दिसतोय, म्हणजे मास्करेड लागलेलं नाही, आणि खाली उत्तराची एकही ओळ दिसणार नाही. मास्करेड बरोबर लागलं की दुसऱ्या टर्मिनलमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी लॅपटॉपचा हॉटस्पॉटवरचा पत्ता दिसेल, समजा १९२.१६८.४३.१२०, आणि लगेच खाली एको रिप्लाय. हे एकदा स्वतः बघितलंत की पुढच्या वेळी कुणाला फोन करावा लागणार नाही.

कधी असंही होतं की रिप्लाय वायफायवर येतो आणि यूएसबीवर पोचतच नाही, किंवा सगळं बरोबर असून पॅकेट पुढेच जात नाही. लॅपटॉपवर कधी डॉकर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं होतं का ते आठवा. डॉकर फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतं, म्हणजे स्पष्ट परवानगी नसलेलं काहीही पुढे जात नाही. अशा वेळी यूएसबीकडून वायफायकडे जाणाऱ्याला एक परवानगी आणि वायफायकडून यूएसबीकडे येणाऱ्या, आधीच सुरू असलेल्या जोडणीच्या उत्तरांना दुसरी, अशा दोन्ही दिशांच्या द्याव्या लागतात.

८.८.८.८ लागतंय आणि नाव लागत नाहीये, तर मग फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय, राहिलंय. बोर्डाच्या "रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ" फाईलमध्ये नेमसर्व्हर म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहा. लॅपटॉपवरची तीच फाईल उचलून बोर्डावर टाकू नका, उबुंटूच्या त्या फाईलमध्ये १२७.०.०.५३ असं असतं, त्याचा अर्थ "मी स्वतःच", म्हणजे बोर्ड स्वतःलाच नाव विचारत बसेल. आणि काही इमेजमध्ये (म्हणजे बोर्डावर टाकायच्या तयार सिस्टीममध्ये) ही फाईल दुसराच एखादा प्रोग्राम लिहीत असतो, जुन्या बीगलबोन इमेजमध्ये कॉनमॅन असायचा, तिथे हाताने लिहिलेलं रीस्टार्टनंतर पुसलं जातं, म्हणून त्या प्रोग्रामलाच सांगावं लागतं.

एवढं करूनही इन्स्टॉल होत नसेल तर बोर्डावर "डेट" टाइप करून तारीख बघा. बीगलबोन ब्लॅकवर घड्याळासाठी बॅटरी नाही, लाईट गेली की वेळ गेली, मग बोर्ड कुठल्या तरी जुन्या तारखेला जागा होतो आणि वेबसाइटचं सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" म्हणून नाकारतो, "रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट" असं काहीतरी म्हणतो. दोष नेटचा वाटतो आणि असतो घड्याळाचा. तारीख हाताने घाला, पुढे नेट लागलं की एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारी सोय, ती नीट ठेवेल.

हे सगळं जमलं की कायमचं करून ठेवा. कमांडने केलेलं फक्त मेमरीत असतं, लॅपटॉप रीस्टार्ट झाला की फॉरवर्डिंगही गेलं आणि मास्करेडही. फॉरवर्डिंगसाठी "सिससीटीएल डॉट डी" फोल्डरात एक ओळीची फाईल, नियमांसाठी "आयपीटेबल्स पर्सिस्टंट" हे पॅकेज.

आणि काका, एक मनापासून सांगते. बागेच्या नोंदींना रोज नेट लागत नाही. दर १० मिनिटांनी एक नोंद म्हटलं तर दिवसाच्या १४४, एकेक ओळ ३० अक्षरांची धरली तरी वर्षाला दीड एमबीच्या आसपास. हे सगळं बोर्डातच राहू शकतं, लॅपटॉप महिन्यातून एकदा जोडून उतरवून घ्या. त्याऐवजी डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल, त्यातल्या बॅटरीसकट, बोर्डाला आयटूसीवर जोडा. थंडी कधी पडली आणि मोहोर कधी आला हे तुम्हाला पुढच्या वर्षी ताडून बघायचंय ना, मग तारीख बरोबर असणं नेटपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

ताई, केबल लावलंय, रास्पबेरी पाय झीरोची लायट पेटता, पण लॅपटॉपार कायच दिसणा नाय. काय करू? — एक वाचक, वेंगुर्ला

लाईट लागते म्हणजे करंट मिळतोय, एवढंच त्यातून कळतं. पहिली शंका केबलची घ्या, मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींत फक्त करंटच्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. ज्या केबलने फोनमधले फोटो लॅपटॉपवर उतरतात तीच घ्या. दुसरं, पाय झीरोला दोन मायक्रो यूएसबी आहेत, कडेचं पीडब्ल्यूआर लिहिलेलं फक्त करंटसाठी, डेटा मधल्यात, ज्याच्याजवळ यूएसबी लिहिलंय. केबल मधल्यात लावा, करंटही तिथूनच मिळेल.

तिसरं, पाय आपणहून नेटवर्क कार्ड होत नाही, सांगावं लागतं. पायच्या मेमरी कार्डावरच्या "कॉन्फिग डॉट टीएक्सटी"मध्ये शेवटी डीडब्ल्यूसी२ चा ओव्हरले आणि "सीएमडीलाईन डॉट टीएक्सटी"मध्ये "रूटवेट"च्या पुढे एक स्पेस सोडून डीडब्ल्यूसी२ आणि जी-ईथर ही दोन मॉड्यूल लोड करायची ओळ. ही दुसरी फाईल म्हणजे एकच लांब ओळ असते, मधे एंटर दाबलात तर पाय सुरूच होणार नाही, जपून. लॅपटॉप लिनक्सचा असेल तर "एलएसयूएसबी"मध्ये ईथरनेट गॅजेट असं नाव दिसायला लागलं की काम झालं. मग लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या नव्या जोडणीला "शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स" करा, लॅपटॉप स्वतः १०.४२.०.१ होतो, पायला पत्ता देतो, फॉरवर्डिंग, मास्करेड, डीएनएस सगळं स्वतःच बघतो. पायवाल्यांसाठी मला हाच रस्ता सगळ्यात सोपा वाटतो. देवगडच्या काकांना तो सांगितला नाही कारण बीगलबोन त्या केबलवर स्वतःच पत्ते वाटत असतो, आणि दोघं पत्ते वाटायला लागले की गोंधळ.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर समजा की पत्ता द्यायला कुणी भेटलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतलाय. आणि हो, झीरो, झीरो डब्ल्यू, झीरो २ डब्ल्यू आणि पाय ४ वर हे चालतं. पाय ३ बी वर नाही चालत, तिथे मधे यूएसबी हब बसवलेला आहे.

मॅडम, मी दापोली तालुक्यात शाळेत शिकवतो. शाळेचा लॅपटॉप विंडोजचा. बीगलबोनला एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) होत होतं, मग नेट द्यायला वायफायचं शेअरिंग ऑन केलं आणि एसएसएचच तुटलं. बंद केलं तरी परत लागत नाही. — एक शिक्षक, दापोली

सर, बोर्ड अगदी ठीक आहे, विंडोजने पत्ता बदललाय. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ऑन केलं की विंडोज ज्या अडॅप्टरला नेट द्यायचंय त्याला न विचारता १९२.१६८.१३७.१ हा पत्ता लावतं. बोर्ड अजून १९२.१६८.७.२ वरच, म्हणजे केबल तीच आणि दोघं वेगवेगळ्या नेटवर्कात. शेअरिंग बंद केलं तरी तो पत्ता तसाच राहतो.

शेअरिंग ऑन ठेवा, यूएसबीच्या अडॅप्टरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये जाऊन हाताने १९२.१६८.७.१ घाला, मास्क २५५.२५५.२५५.०. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. मग बोर्डावर डीफॉल्ट रूट आणि डीएनएस, वर सांगितलंय तसं, फॉरवर्डिंग-मास्करेडचं काम विंडोज करतंय. पाय असेल तर उलटं करा, विंडोजला काही करू नका, पायलाच डीएचसीपीवर, म्हणजे मिळेल तो पत्ता घेण्यावर, ठेवा, तो १३७ चा पत्ता आपोआप घेईल. मात्र विंडोजवर पाय कधी कधी नेटवर्क कार्डाऐवजी कॉम पोर्ट म्हणून दिसतो, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आरएनडीआयएसचा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो. लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर शेअरिंगची खूण तशीच दिसते पण नेट येत नाही, असंही होतं, खूण काढून परत घातली की चालू होतं.

बोर्डाचा पत्ता बदलायच्या आधी आत शिरायची दुसरी वाट मोकळी आहे ना बघा, नाहीतर पत्ता चुकला की तुम्ही बाहेर आणि बोर्ड आत. बीगलबोन त्याच यूएसबीवर सीरियल पोर्टही देतो, पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये ११५२०० च्या स्पीडने कॉम पोर्ट उघडलात तर नेटवर्क कितीही बिघडलं तरी लॉगिन मिळतं. मुलांना मी असते तर आधी हेच शिकवलं असतं. आणि शाळेचं नेट बाहेरच्या कुणाकडून घेतलेलं असेल तर शेअर करण्यापूर्वी जो सांभाळतो त्याच्या कानावर घाला.

दीदी, मी रत्नागिरीत इंजिनीअरिंगला आहे. पाय झीरो प्रत्येक वेळी नव्या नावाने जोडला जातो, मी लिहिलेले आयपीटेबल्सचे नियम त्यामुळे लागतच नाहीत आणि नेटवर्क सेटिंगमध्ये वायर्ड कनेक्शनची रांग लागलीये.

अरे, जी-ईथर मॉड्यूल दर वेळी सुरू होताना नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) स्वतःच बनवतं आणि उबुंटूसारख्या लिनक्सवर यूएसबीच्या कार्डाचं नाव त्या मॅकवरूनच ठरतं, म्हणून तुझ्या लॅपटॉपला रोज नवीन कार्ड आल्यासारखं वाटतं. मॉड्यूलला होस्ट अंडरस्कोर एडीडीआर आणि डेव्ह अंडरस्कोर एडीडीआर असे दोन ऑप्शन आहेत, दोन्हीकडे ठरावीक मॅक दे, दोन्ही वेगवेगळे हवेत. सुरुवात ०२ ने कर, ०२ म्हणजे हा पत्ता कंपनीने दिलेला नाही, आपण ठरवलाय. जुन्या कनेक्शनांची ती रांग एकदा साफ कर, परत लागणार नाही.

नॅटच्या भानगडीत पडण्यापेक्षा लॅपटॉपचं वायफाय आणि यूएसबी यांचा ब्रिज केला, म्हणजे दोन्ही एकाच नेटवर्कात जोडले, तर बोर्डाला थेट राउटरकडूनच पत्ता मिळेल ना? — अलिबाग

ईथरनेटच्या वायरने लॅपटॉप राउटरला जोडला असेल तर हो, आणि तेव्हा ब्रिजच बरा, घरातल्या कुठल्याही मशीनवरून बोर्ड दिसतो. पण वायफायवर ते साधेपणाने चालत नाही. राउटर फक्त ज्याने पासवर्ड देऊन जोडणी केली त्याच मॅकची पॅकेट घेतो, आणि ब्रिजमधून बोर्डाची पॅकेट बोर्डाच्या मॅकने जातात, राउटर ती टाकून देतो. वायफायवर असाल तर नॅटच.

आमचा मालवणला होमस्टे आहे. टाकीच्या पाण्याची पातळी बघायला बोर्ड लावलाय, तो तिथल्या जुन्या लॅपटॉपमधून नेटवर आहे, सगळं चाललंय. मी मुंबईत असते. मुंबईहून त्या बोर्डात लॉगिन कसं करू? — एक वाचिका

ताई, वर सांगितलेलं मास्करेड आतून सुरू झालेल्या जोडणीचं उत्तरच तेवढं आत आणतं. बाहेरून आपणहून कुणी आलं तर ते कुणासाठी आहे हे लॅपटॉपला कळायचा मार्ग नाही. तुमच्याकडे तर लॅपटॉप एकदा पत्ता बदलतो, राउटर दुसऱ्यांदा, आणि बहुतेक नेट देणारी कंपनी तिसऱ्यांदा. राउटरच्या पेजवर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा, तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीने एकच पत्ता पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटलाय, मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केलंत तरी बाहेरचं काही आत येणार नाही. त्यात वेळ घालवू नका.

जोडणी आतूनच सुरू करायची. लॉगिन खरंच हवं असेल तर बोर्डावर वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे नेटवरून खाजगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर, टाका, बाहेर एखाद्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरला जोडा, आणि पर्सिस्टंट किपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा म्हणजे मधल्या सगळ्या नॅटना ही जोडणी विसरता येत नाही. तुम्ही मुंबईहून त्याच सर्व्हरला जोडायचं आणि तिथून बोर्डावर जायचं. पण तुम्हाला हवीये पाण्याची पातळी. मग बोर्डानेच दर काही मिनिटांनी ती एमक्यूटीटीने, म्हणजे छोटे निरोप पाठवायच्या पद्धतीने, बाहेर पाठवावी, ८८८३ पोर्टवरून, एन्क्रिप्ट करून, आणि तुम्ही फोनवर बघावी. कुणाला आत शिरायला दारच ठेवायचं नाही, माझं मत याच बाजूने आहे. लॉगिन ठेवलंत तर बोर्डासोबत आलेला पासवर्ड आधी बदला, तो सगळ्या जगाला माहीत असतो.

त्या जुन्या लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो का तेही बघा, झोपला तर बोर्डाचं नेट गेलं. पावसात लाईट गेल्यावर बॅटरी संपून बंद पडला आणि लाईट आली तरी आपणहून सुरू झाला नाही, तर मालवणला कुणाला तरी बटण दाबायला पाठवावं लागेल. कायमच्या कामाला लॅपटॉप मधे ठेवूच नये असं मला वाटतं, बोर्डाचं ईथरनेट थेट राउटरला लावा.

घरातला लॅपटॉप आणि विहिरीवरच्या पंपाच्या खोलीतला बोर्ड यात ६० मीटर तरी अंतर आहे. लांब यूएसबी केबल मिळेल का? — गुहागर

यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरा. ईथरनेट १०० मीटर जातं, त्यामुळे अंतराचं काम कॅट ६ ने होईल, लॅपटॉपला थेट जोडलंत तरी आता क्रॉस केबल लागत नाही, पोर्ट स्वतः ओळखतात. बाकी फॉरवर्डिंग-मास्करेड तेच, यूएसबीच्या जागी ईथरनेटचा इंटरफेस.

पण उघड्यावरून दोन इमारतींमधे तांब्याची तार ओढायच्या मी विरोधात आहे. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात वीज जवळपास कुठेही पडली तरी त्या लांब तारेत एवढा दाब चढतो की दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात, आणि पंपाच्या खोलीत लोखंड, ओल, माणसाचे ओले हात, सगळंच आहे. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या तारेतला सिग्नल फायबरवर नेणारे डबे) आणि मधे फायबर टाका, फायबरमधून वीज वाहत नाही, फक्त आतून स्टीलची तार असलेली केबल घेऊ नका. फायबर नको असेल तर दोन टोकांना वायफायचे बाहेर लावायचे अँटेना समोरासमोर.

समुद्र जवळ असेल तर अजून एक काम. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर वर्षभरात हिरवट थर चढतो, मग नेट मधेच येतं मधेच जातं आणि माणूस आयपीटेबल्स तपासत बसतो. बोर्ड रबरी गॅस्केटच्या बंद डब्यात ठेवा, केबल ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत घ्या, ग्लँड डब्याच्या खालच्या बाजूला ठेवा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. पावसाळा संपला की डबा उघडून पिना बघायच्या, थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि केबलचं टोक कापून नवीन जॅक क्रिंप करायचा.